ही हौस नक्की कुणाची?

परवा माळा आवरताना गिटार हाती लागली. दोन तारा तुटलेल्या, बाकीच्या गंजलेल्या. घेतली तेव्हा तिच्यापायी झोप उडाली होती माझी. आता आठवून बघते तर वाजवायची हौस नव्हतीच. ऑफिसातली एकजण वाजवायची आणि सगळे तिच्याभोवती कोंडाळं करायचे. मला ते कोंडाळं हवं होतं. रने जिरार (१९२३–२०१५) या फ्रेंच विचारवंताने हेच मांडलंय: दुसऱ्याला हवंसं वाटतं, म्हणून आपल्यालाही ते हवंसं होतं. पूर्ण पटत नाही. तहान काय कुणाचं बघून लागते? पण गिटारीपुरतं पटलं. तुमचंही लिहा. तत्त्वज्ञान नको, घडलेलं सांगा.

*

चार वर्षं बढतीमागे धावलो. मिळाली त्या संध्याकाळी वडिलांना फोन केला. "बरं झालं" म्हणाले आणि चष्मा कुठे ठेवलाय ते आईला विचारू लागले. फोन कानालाच होता माझ्या. त्यांच्या तोंडून काहीतरी ऐकायचं होतं, त्यासाठी हा सगळा आटापिटा. अजून त्याच खुर्चीत आहे. काम आवडत नाही.

*

मेंदूचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ केंट बेरिज यांचे उंदरांवरचे प्रयोग वाचा. मेंदूतलं डोपामिन हे रसायन जवळपास संपवलेले उंदीर स्वतःहून खायला उठत नसत, पण तोंडात गोड द्रव सोडला की जिभल्या चाटत. म्हणजे ओढ वेगळी, गोडी वेगळी. माझी गत उलटी. रात्री दीड वाजता मोबाइलवर काही म्हणजे काही आवडत नसतं, तरी अंगठा सरकतच असतो.

*

मी पोहायला लागलो ते थोरल्या भावाचं बघून. त्याने सहा महिन्यांत सोडलं, मी एकवीस वर्षं पोहतोय. डोकं पाण्याखाली गेलं की जग बंद, आपलेच बुडबुडे ऐकू येतात. सुरुवात उसनी होती, मान्य. पण आता ती भावाला परत कशी करू?

*

मी एक कसोटी लावते: कुणाला सांगायचं नाही, फोटो काढायचा नाही, तरी हवंय का? निम्मी यादी तिथेच गळते. मूल हवंय का, यालाही लावून पाहिली. काहीच उत्तर आलं नाही.

*

धागाकर्ती: सगळं वाचतेय. वरच्या प्रतिसादाशी बराच वेळ थांबले. आणि हो, गिटारीला नव्या तारा मागवल्यात. का, ते विचारू नका.