शंभर वाक्यं पाठ करा आणि गोऱ्यासारखं बोला म्हणे!

तिरकस_तात्या
‘ही 100 वाक्यं पाठ करा, महिन्याभरात अस्सल इंग्रजी बोलाल’ ही पोस्ट कालपासून चार ग्रुपांवर फिरतेय. पहिल्या दहातच ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’, ‘पीस ऑफ केक’ आणि ‘हाउ डू यू डू’. धो धो पाऊस पडायला लागला की इंग्रज माणूस ‘इट्स पोअरिंग’ म्हणतो, कुत्रीमांजरं आपल्या पाठ्यपुस्तकातच पडतात. ‘हाउ डू यू डू’ आता तिकडेही कोणी फारसं म्हणत नाही, आणि म्हटलंच तर त्याचं उत्तर ‘हाउ डू यू डू’ हेच. पोस्टीत उत्तर दिलंय ‘आय अ‍ॅम फाइन’!

इंग्लंडात दुकानदार ‘यू ऑलराइट?’ म्हणतो तेव्हा त्याला तुमची तब्येत नको असते. ‘येह, यू?’ म्हणायचं आणि कामाचं बोलायचं. बोलणं सहज वाटतं ते असल्या बारक्या शब्दांनी. ‘राइट’, ‘फेअर इनफ’, ‘नो वरीज’. आपण समोरच्याचं दोन मिनिटं मुकाट ऐकतो आणि मग एकदम निबंध म्हणतो. त्यात मध्येच एक ‘पीस ऑफ केक’ म्हणजे मळक्या सदऱ्यावर जरीचा फेटा.

शिकवणीवाला
तात्या, फेटा उडवताना डोकं उडवू नका. बोलताना कोणीही शब्दाला शब्द जोडत बसत नाही. ‘काय म्हणता’, ‘बघू मग’, ‘त्याचं काय आहे’ हे आपल्या तोंडात अख्खंच येतं. इंग्रजीतही तयार तुकडेच लागतात. तालुक्याच्या गावातून आलेल्या पोराला सोमवारी परदेशी गिऱ्हाइकाचा कॉल घ्यायचाय. त्याला ‘सॉरी, आय डिडन्ट कॅच दॅट’, ‘बेअर विथ मी’, ‘लेट मी चेक अँड गेट बॅक टू यू’ हे पाठच हवं.

पद्धत मात्र हवी. एक प्रसंग घ्या, त्याची पाचच वाक्यं, आणि प्रत्येकात एक जागा रिकामी. ‘कुड यू सेंड मी द ___?’ त्या जागी फाइल, लिंक, इन्व्हॉइस घालत दहा वेळा मोठ्यानं म्हणा. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि मूळ आवाजाशेजारी ठेवून ऐका. पहिल्यांदा चूक सापडते ती सुरात. शब्द विनंतीचे आणि सूर हुकमाचा.

तिरकस_तात्या
म्हणजे शंभर नाहीत, पाच. माझंच म्हणणं माझ्यावरच फेकल्याबद्दल आभार.

आणि पाचही वाक्यं आघाताविना फुकट. ‘आय कॅन डू इट’ घ्या. अमेरिकन माणूस त्यातला ‘कॅन’ गिळतो, ‘आय क्न डू इट’, जोर ‘डू’वर. आपण ‘कॅन’ चांगला ठासून म्हणतो. नकारातला शेवटचा ‘ट’ तो जवळजवळ उच्चारतच नाही, त्यामुळे ठासलेला ‘कॅन’ त्याला ‘कॅन्ट’ ऐकू येतो. तुम्ही ‘जमेल’ म्हणालात, त्याला ‘जमणार नाही’ कळलं. तसंच ‘फिफ्टी’ आणि ‘फिफ्टीन’. पहिल्यात जोर ‘फिफ्’वर, दुसऱ्यात ‘टीन’वर. दोन्ही सपाट म्हटले की ऑर्डर चुकलीच.

चिंचपोकळीकर
मुळात गोऱ्यासारखं बोलायचंच कशाला? आणि कुठल्या गोऱ्यासारखं? ‘क्वाइट गुड’ म्हणजे अमेरिकेत छान, लंडनमध्ये ‘ठीक आहे’. आपल्या ‘डू द नीडफुल’ला हसतात, पण ते साहेबाच्याच कचेरीतून आलंय. त्यानं टाकलं, आपण जपलं. ‘प्रीपोन’ तर ऑक्सफर्डच्या शब्दकोशात जाऊन बसलाय. ‘आय वॉज देअर ओन्ली’ मधला ‘ओन्ली’ म्हणजे आपला ‘च’. मी तिथेच होतो. इंग्रजीत ‘च’ नाही हा त्यांचा दोष.

शिकवणीवाला
अभिमान ठेवा, पण ‘आय हॅव अ डाउट’ म्हणालात की पुण्यात ती शंका असते आणि मँचेस्टरमध्ये अविश्वास. तिथे ‘आय हॅव अ क्वेश्चन’च म्हणा.

सुपारी_कातरणारी
तुम्ही सगळे वरवरचं बोलताय. खरा घोळ ‘येस’मध्ये आहे. समोरचा विचारतो, ‘सो यू हॅवन्ट सेंट द फाइल?’ आपला माणूस म्हणतो ‘येस’. त्याच्या मनात, ‘हो, बरोबर, नाही पाठवली.’ गोऱ्याला कळतं, पाठवली. इंग्रजीत उत्तर प्रश्नाशी जुळवत नाहीत, वस्तुस्थितीशी जुळवतात. पाठवली तर ‘येस, आय हॅव’, नाही तर ‘नो, आय हॅवन्ट’. ‘येस’च्या मागे ‘नॉट’ येतच नाही.

चिंचपोकळीकर
काहीही. मराठीत ‘जेवला नाहीस?’ विचारलं तर कोणीही ‘नाही’ म्हणतो. हे हिंदीवाल्यांचं असेल.

सुपारी_कातरणारी
नुसता प्रश्न असेल तर ‘नाही’. पण ‘म्हणजे तू जेवलाच नाहीस तर’ असं अनुमान काढलं की ‘हो ना, वेळच नाही मिळाला’. घरी विचारून बघा आणि मग ‘काहीही’ म्हणा.

चिंचपोकळीकर
घरापर्यंत जायचं कारण नाही. व्याकरण आम्हालाही येतं.

ठाणेकर_मावशी
भांडू नका रे. सुपारीचं बरोबर आहे, आणि ‘माइंड’ त्याहून वाईट. ‘डू यू माइंड इफ आय सिट हिअर?’ ला आपण हसून ‘येस, येस’ म्हणतो, म्हणजे ‘हो, माझी हरकत आहे’. ‘शुअर, गो अहेड’ म्हणावं, येस-नोच्या फंदातच पडू नये. आणि आपण ‘पाणी दे ना जरा’ म्हणतो त्यातलं ‘ना’ आणि ‘जरा’ इंग्रजीत गळून पडतं. उरतं ‘गिव्ह मी वॉटर’. आपली अदब क्रियापदाजवळ असते, त्यांची ‘कुड आय गेट सम’ मध्ये. पोरं उद्धट नसतात, पण तशी वाटतात.

बाकावरचा_राजू
महाराष्ट्रात मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं. पोरं अजून अ‍ॅक्टिव्हचं पॅसिव्ह करतायत. ‘अ मँगो वॉज ईटन बाय राम’. असं कोण बोलतं?

तिरकस_तात्या
राजू, त्यासाठी वेगळा धागा काढा. सुपारीताई, ‘येस’चं मान्य, नाइलाजानं. शिकवणीवाले, शंभरातली सात-आठ वाक्यं ठेवू, रिकाम्या जागेसकट. ‘हाउ डू यू डू’ काढा.

शिकवणीवाला
उपकार झाले. काढलं. कुत्रीमांजरंही काढली. म्हणजे आता तुमची काही हरकत नाही तर?

तिरकस_तात्या
हो.

सुपारी_कातरणारी
हो म्हणजे आहे की नाही?