गुप्त लिपीत डायरी लिहिणारी ती इंग्रज पोरगी कोण? (भाचीसाठी विचारतोय)

पऱ्हाटीवाला_दारव्हा
नमस्कार मंडळी. भाची आठवीत हाये, यंदा आमच्याकडंच राहते. वेचणी सुरू असल्यानं दिवसभर घरी कोणी नसते, मग ही शाळेतून आली की गणिताच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर काहीबाही लिहीत बसते, अन् काय लिहिते म्हणून पाह्यलं तर नुसते त्रिकोण, ठिपके, उलटा च! आमची माय म्हणते पोरीले कोणी करणी केली काय. मले पुसटसं आठवते की राणीच्या काळात तिकडं एका पोरीनं अशीच डायरी लिहिली होती. कोण ती, घरचे कसे होते? मायले सांगण्यासारखं काही असन तर सांगा राजेहो.

वाचणारी_वर्धा
दादा, ती बिअ‍ॅट्रिक्स पॉटर, पीटर सशाच्या गोष्टीवाली. १८६६ चा जन्म, लंडनची. घरी पैसा बक्कळ पण शाळेत कधी घातलंच नाही, शिकवायला बाई घरी यायची. भाऊ बर्ट्राम सहा वर्षांनी लहान, दोघांनी मिळून खोलीत ससे, बेडूक, सरडे, वटवाघळं काय काय पाळलेलं, आणि एखादा जीव मेला की तो उकळून सापळा काढायचे, चित्रं काढायला! (आमच्या आईनं पातेल्यासकट बाहेर काढलं असतं.) पुढे भाऊ होस्टेलच्या शाळेत गेला आणि ही उरली एकटी. १५ व्या वर्षाच्या आसपास डायरी सुरू केली ती थेट तिशीपर्यंत. प्रत्येक इंग्रजी अक्षराला स्वतःची एक खूण, तीही मुंगीएवढी. आणि लपवलेलं काय, तर पाहिलेली चित्रप्रदर्शनं, घरातली आजारपणं, पेपरातलं राजकारण. आजींना सांगा, करणीबिरणी काही नाही.

रुईची_गाठ
घरच्यांचं मी सांगतो, कारण तो पैसा कापसाचा होता. आजोबा एडमंड पॉटर, मँचेस्टरजवळ ग्लॉसॉपला कापडावर छपाईचा मोठा कारखाना. आईकडचे आजोबा पण कापसातलेच. बाप रुपर्ट शिकून बॅरिस्टर, पण नाद सगळा फोटोग्राफीचा. आता गंमत पहा, १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला अन् आपल्या वऱ्हाडच्या कापसाले भाव आला. १८७० ला खामगावची रेल्वे उघडायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. म्हणजे तिची वही-पेन्सिल आपल्याच बोंडातून आली म्हणा ना!

निवृत्त_गुरुजी
भाऊ, जरा दमानं. आजोबांचा छापखाना होता, सूतगिरणी नव्हे, तयार कापड घेऊन त्यावर छापायचे. तुमचं बोंड थेट तिच्या वहीत नेऊ नका.
बाकी ती लिपी फुटली कशी हे पोरीला जरूर सांगा. बाई १९४३ ला वारली, वह्या पडून. लेस्ली लिंडर नावाचा माणूस कित्येक वर्षं त्या पानांशी झटला आणि १९५८ ला कंटाळून सोडायच्या बेतात असताना एका पानावर त्याला दोनच गोष्टी वाचता आल्या, रोमन आकड्यात १६ आणि साल १७९३. फ्रान्सच्या सोळाव्या लुईचा शिरच्छेद त्याच साली झाला! त्या धाग्यानं एकेक अक्षर सुटत गेलं, आणि डायरी छापून आली १९६६ ला. आणि हो, पोरीची वही तुम्ही उघडून पाहत जाऊ नका.

पऱ्हाटीवाला_दारव्हा
गुरुजी, चुकलंच. काल रात्री लाईट गेली होती, मोबाईलच्या उजेडात मायले सगळं वाचून दाखवलं. मायले बाकीचं काही नाही, "जनावर उकळलं?" हेच चारदा विचारलं. भाची कोपऱ्यात ऐकून रायली होती, बोलली नाही. आज वही ओट्यावर उघडीच पडली होती, पाहायचं नव्हतं पण दिसलं. आधी तारखा तरी साध्या आकड्यात असायच्या, आता तिथंही ठिपके.