मदत हवी आहे : तिबेस्ती पर्वताचा उठावाचा नकाशा

नमस्कार मंडळी. मी ऐरोलीला राहते, शाळेत भूगोल शिकवते. नववीच्या मुलांबरोबर सहारातल्या तिबेस्ती पर्वतरांगेचं मातीचं मॉडेल करतेय. मुलांना सहारा म्हटलं की फक्त वाळूच दिसते. तिथे उत्तर चाडमध्ये एमी कूसी नावाचा ज्वालामुखी आहे, ३,४०० मीटरहून उंच. दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी तो वरच राहील! शिवाय ‘त्रू ओ नात्रों’ नावाचं सहा ते आठ किलोमीटर रुंदीचं विवर आहे. त्याचा तळ सोड्याच्या थराने पांढराफटक, आणि त्या पांढऱ्यातून वर आलेले छोटे काळे शंकू. तळासाठी पापडखार वापरणार आहोत, मुलं त्यावर फार खूश आहेत.

अडलंय ते उंचीच्या रेषांपाशी. नासाने २००० साली अवकाशयानातून घेतलेली उंचीची माहिती फुकट मिळते, मी उतरवूनही घेतली. पण क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यातून २०० मीटरच्या अंतराने समोच्चरेषा काढायला कोणी शिकवेल का? ठाणे-वाशी पट्ट्यात कुठेही येईन, शनिवारी दुपारनंतर मोकळी असते. आणि त्या रेषा ए-झिरो आकाराच्या मोठ्या कागदावर माफक दरात छापून देणारं दुकान माहीत असेल तर तेही सांगा.

कोणी भूशास्त्रवाले असाल तर आणखी एक विनंती. पारसिकच्या डोंगरातला बेसाल्ट आणि तिबेस्तीचा खडक दोन्ही ज्वालामुखीचेच, मग आपल्याकडे सपाट थर आणि तिकडे सुळके-विवरं असं का, हे मुलांना वर्गात येऊन समजावाल का?