आय-सेव्हनचं स्टिकर की १६ जीबी रॅम? ६० हजारांत घरासाठी काय घ्यावं

रामबागकर (धागा सुरू)
मंडळी, मुलगा सिव्हिलच्या पहिल्या वर्षाला आहे, त्याला ड्रॉइंगसाठी ऑटोकॅड लागणार आणि संध्याकाळी त्याच लॅपटॉपवर मी टॅलीत हिशोब आणि जीएसटीचं काम करणार. बजेट ६० हजार. इथे इंदूरला आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमधे फिरलो तर जो तो आय-सेव्हन प्रोसेसरच घ्या म्हणतोय, रॅम मात्र ८ जीबी. माझं स्पष्ट मत, आय-फाइव्ह घ्यावा आणि रॅम १६ घ्यावी. पोर्टलचे टॅब, एक्सेल, टॅली आणि वरून एखादं ड्रॉइंग उघडलं की ८ जीबी तिथेच संपते, मग प्रोसेसर कितीही भारी असो, मशीन अडखळणारच.

स्नेहनगर
नाही पटत काका. रॅम नंतर टाकता येते, लॅपटॉपचा प्रोसेसर जन्मात बदलता येत नाही. पाच वर्षं चालवायचाय ना, मग जे बदलत नाही त्यावर पैसे घाला.

रामबागकर
नंतर टाकायला स्लॉट तर पाहिजे! पातळ मॉडेल्समधे बऱ्याचदा रॅम बोर्डवरच चिकटवलेली असते. दुकानात डेमो पीसवर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, परफॉर्मन्समधे मेमरी उघडा, किती स्लॉट आहेत आणि किती भरलेत ते तिथे लिहिलेलं असतं. आणि २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव जे भडकले ते बघता नंतर टाकू म्हणणं मला तरी महागात पडेल असं वाटतं.
दुसरं म्हणजे आय-सेव्हन बघून भुलू नका, नंबरामागचं अक्षर बघा. मला दाखवला तो १३५५यू, म्हणजे १५ वॅटचा, जड काम ओढणारे मोठे कोर फक्त दोन. आय-फाइव्ह १३४२०एच ४५ वॅटचा, मोठे कोर चार. जड काम बराच वेळ चाललं तर हा आय-फाइव्हच पुढे राहतो.

स्नेहनगर
अक्षराचं मान्य. पण एचवाला गरम होतो, बॅटरी लवकर खातो आणि पोराला तो रोज कॉलेजला न्यायचाय. टू-डी ऑटोकॅडला यूवाला पुरतो, ग्राफिक्स कार्डाचीही गरज नाही.

पलसीकर कॉलनी
अरे पण लॅपटॉपच कशाला? त्याच पैशात असेंबल डेस्कटॉप घ्या, २४ इंची मॉनिटरवर अख्खी शीट दिसते, टॅलीला नंबरपॅडवाला मोठा कीबोर्ड मिळतो, पुढे काही बिघडलं तर तेवढाच पार्ट बदलायचा. लाइट गेली तर यूपीएस आहेच.

सुदामानगरची ताई
डेस्कटॉप घेऊन पोरगा कॉलेजात जाणार का भाऊ? आणि काका, तुम्ही रॅमवर भांडताय पण खरी अडचण वेगळीच आहे. महिन्याच्या २० तारखेला तुमची थ्रीबी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायची शेवटची तारीख आणि त्याच रात्री पोराचं ड्रॉइंग शीटचं सबमिशन, मग मशीन कोणाकडे? आमच्याकडे ह्यावरून दर महिन्याला खटके उडायचे. लॅपटॉप पूर्णपणे त्याचा राहू द्या. घरात जुना डेस्कटॉप असेल तर त्यात जुन्या डिस्कऐवजी वेगवान एसएसडी टाका, टॅलीला तेवढं भरपूर. मॅकच्या फंदात मात्र पडू नका, टॅली आणि पुढे इमारतींच्या डिझाइनसाठी लागणारं रेव्हिट, दोन्हीला विंडोजच लागतं.

रामबागकर
जुना आहे, चौथ्या जनरेशनचा आय-फाइव्ह, विंडोज १०. पण त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ मायक्रोसॉफ्टच्या नियमाप्रमाणे त्यावर बसत नाही, इंटेलची आठवी जनरेशन तरी लागते. लोकांचे हिशोब आणि बँकेचं लॉगिन अशा मशीनवर ठेवायला माझं मन तयार नाही.

सुदामानगरची ताई
मग त्याचं नेट काढा. टॅलीची एंट्री त्यावर, पोर्टल आणि बँक लॅपटॉपवर, अर्ध्या तासाचं तर काम.

पलसीकर कॉलनी
ताई, पेनड्राइव्हवरून फाइली इकडून तिकडे करत बसायचं म्हणजे व्हायरसला आमंत्रणच की. त्यापेक्षा पोराला ४० पर्यंतचा साधा लॅपटॉप आणि काकांना २० हजारात मॉनिटरसकट सेकंडहँड डेस्कटॉप, आठव्या जनरेशनच्या पुढचा. मी अजूनही डेस्कटॉपच म्हणणार.

रामबागकर
४० च्या लॅपटॉपात १६ जीबी बसवून दाखवा, मग लगेच तयार आहे.