टायरची हवा हळूहळू उतरते, पंक्चर मात्र सापडत नाही : तुमचे अनुभव लिहा

दोन महिने झाले, गाडीच्या मागच्या डाव्या टायरनं जीव खाल्लाय. सोमवारी सकाळी ३३ पॉइंट हवा भरली की शुक्रवारी २२ वर येते. बाकीचे तीन टायर जागचे हलत नाहीत. जळगावात तीन पंक्चरवाल्यांकडे जाऊन आलो. तिघांनी चाक पाण्यात फिरवलं आणि "काहीच नाही भाऊ" म्हणत हवा भरून दिली. टायर ट्यूबलेस आहे, चार वर्षं जुना, साधी लोखंडी डिस्क (म्हणजे रिम). नक्षी अजून चांगली खोल आहे, म्हणून टाकून द्यायला मन धजत नाही.

दर पंधरा दिवसांनी आईला तपासणीसाठी धुळ्याला न्यावं लागतं. एरंडोल-पारोळ्याच्या पट्ट्यात पुढे-मागे ट्रक असतात आणि माझं सगळं लक्ष त्या चाकाकडे. कमी हवेवर पळणाऱ्या टायरची बाजू सारखी दबते, आतून तापते आणि मग फुटते, एवढं मला कळतं. तुमच्यापैकी कुणाला असं झालं असेल तर नक्की काय सापडलं आणि कसं सापडलं, ते सविस्तर लिहा.

पाचोऱ्याहून

माझी शाळा घरापासून १८ किलोमीटर, रोज गाडीनं जाते. पुढच्या चाकाची हवा जायची, तीही फक्त गाडी चालवल्यावर. रविवारी गाडी उभी असली की सोमवारी हवा जशीच्या तशी. कुणाला पटेना. शेवटी एका म्हाताऱ्या पंक्चरवाल्या बाबांनी व्हॉल्व्हचा रबरी दांडा बोटानं बाजूला वाकवला आणि मला म्हणाले, "ताई, हे बघा." बुडाशी, जिथे तो रिममधून बाहेर येतो, तिथे केसाएवढ्या बारीक भेगा. सरळ असताना भेगा मिटलेल्या, वाकवला की उघडायच्या. चाक जोरात फिरताना तो दांडा बाहेरच्या बाजूला ओढला जातो, म्हणून हवा चालतानाच जायची. आपल्याकडच्या उन्हात रबर लवकर कडक होतं. नवा टायर टाकताना व्हॉल्व्हही नवा टाका, आग्रहानं सांगते.

भुसावळहून

आधी एक खात्री करा : एकाच टायरची हवा जाते की चारही टायरची? मी डिसेंबरात घाबरलो होतो. दुपारी ३० अंशाला हवा भरली, पहाटे पारा १० वर आला आणि चारही टायर तीन-साडेतीन पॉइंटनी खाली. तो थंडीचा परिणाम. तापमान ५-६ अंशांनी उतरलं की साधारण एक पॉइंट कमी होतो. शिवाय धडधाकट टायरमधूनही महिन्याला एक-दोन पॉइंट हवा रबरातून झिरपतेच.

उन्हाळ्यात उलटी चूक होते. मे महिन्यात भर दुपारी ४०-५० किलोमीटर चालवून पंपावर गेलात तर गेज चार-पाच पॉइंट जास्त दाखवतो. पंपावरचा पोरगा हवा सोडतो आणि टायर गार झाल्यावर आपण म्हणतो हवा गेली. सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजा. किती हवी तो आकडा ड्रायव्हरच्या दाराशी खांबावरच्या स्टिकरवर असतो.

धागाकर्त्याचा मात्र एकच टायर आणि पाच दिवसांत ११ पॉइंट. तिथे गळती आहेच.

रावेरहून

आमच्याकडे बाभळीचा काटा! केळीच्या बागेच्या रस्त्याला बांधावर बाभळीच्या फांद्यांचं कुंपण असतं, गाडी त्याला घासूनच जाते. काटा टायरमध्ये शिरतो आणि नक्षीच्या बरोबरीनं मोडतो. वर दिसतं काय, तर मोहरीएवढा काळा ठिपका. तोच काटा बुचासारखा बसून राहतो, म्हणून हवा एकदम जात नाही. पाण्यात चाक घातलं की बुडबुडा दहा सेकंदांनी एक. पंक्चरवाला तोवर चाक पुढे फिरवून मोकळा.

मी चाक विहिरीजवळच्या हौदात सोडलं आणि शेजारी बसलो. तळहाताएवढा भाग घ्यायचा, मनात तीस मोजायचे, मग पुढे. अर्धा तास लागला, पण दोन काटे सापडले. टायर नक्षीच्या भागात टोचला असेल तर आतून पॅच मारून घ्या. बाजूच्या भिंतीला टोचला असेल तर दुरुस्तीच्या नादी लागू नका, टायर बदला.

धुळ्याहून

हे लिहायला जड जातंय. माझ्या गाडीच्या व्हॉल्व्हचं टोपण दोनदा गायब झालं आणि दर दोन दिवसांनी हवा कमी. मी शेजारच्या मुलावर संशय घेतला, त्याच्या वडिलांना बोललो. आठवडाभर दोन्ही घरांत बोलणं बंद. मग बायकोनं एका संध्याकाळी व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब ठेवला. थेंब फुगला, फुटला, पुन्हा फुगला. टोपण नसल्यामुळे धूळ आत जाऊन पिन नीट बसत नव्हती. पिन बदलली, गळती थांबली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. चहा झाला, पण मुलगा अजून माझ्याशी पूर्वीसारखा बोलत नाही.

शहाद्याहून

तोरणमाळला जाताना चाक खड्ड्यात आदळलं. बाहेरून अलॉयवर ओरखडाही नाही. पंधरा दिवसांनी हवा उतरायला लागली. टायर काढल्यावर रिमच्या आतल्या अंगाला दोन इंचाची चीर. रिम बदलली.

चाळीसगावहून

एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं काढली. धागाकर्त्यानं "लोखंडी डिस्क" लिहिलंय, म्हणून माझा पहिला संशय कडेवर. ट्यूबलेसमध्ये हवा अडवायला ट्यूब नसते. टायरची कड रिमला घट्ट चिकटते, तेवढ्यावरच सगळं. रिमला गंज चढला की त्याचे खवले कडेखाली शिरतात आणि हवा वाट काढते. छोट्या टाकीत चाक उभं फिरवलं तर हे बऱ्याचदा सुटतं, कारण बुडबुडे रिमच्या आतल्या बाजूनं वर येतात आणि बघणारा बाहेरून बघत असतो.

चाक काढून अंगणात आडवं ठेवा. हवा ३५ पॉइंट भरा. भांडी घासायच्या साबणाचं दाट पाणी कडेच्या खाचेत सगळीकडे भरा आणि दहा मिनिटं हात लावू नका. मग चाक उलटून आतल्या बाजूलाही तेच करा. मोठे बुडबुडे शोधू नका, दुधाच्या सायीसारखा बारीक पांढरा फेस शोधा. सापडला की तिथे खडूनं खूण करून मगच दुकानात न्या. गाडी जॅकवर घेताना आधाराला गाडीखाली दगड नको, स्टेपनी आडवी सरकवून ठेवा.

टायरचं वयही बघा. बाजूवर DOT नावाचा क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार आकडे वाचा : २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला.

अमळनेरहून

भाऊ, मनी गाडीलेबी हाईच दुखनं व्हतं. टायर बदला म्हनेत सर्वा. मी रिंग घशी लिधी. तीन वरीस व्हई ग्यात, हवा हाली नई.

जळगावहून, पुन्हा

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी चाळीसगावच्या काकांनी सांगितलं तसंच केलं. बाहेरच्या बाजूला काही नाही. व्हॉल्व्ह वाकवून पाहिला, तोही ठीक. चाक उलटवलं आणि सहाव्या-सातव्या मिनिटाला आतल्या कडेला चार बोटं लांबीचा फेस उगवला. अगदी साय. आईला हाक मारून दाखवला, ती खुर्ची ओढून बघतच बसली.

खूण करून दुकानात नेलं. टायर उतरवल्यावर त्याच जागी रिमवर गंजाचे पापुद्रे निघाले, नखानं सुटत होते. तारेच्या ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं धातू चकचकीत होईपर्यंत घासून घेतला, कडेला सीलर लावला, व्हॉल्व्ह नवा टाकला. आज अकरावा दिवस. सकाळी गेज लावला : ३३.

परवा धुळ्याला निघतोय. चाक काढलंच होतं म्हणून स्टेपनीही मोजली, तिच्यात १४ पॉइंट निघाले. तीही भरून घेतली.