अभिकेंद्री बल आकृतीत वेगळे दाखवायचे की नाही?

प्रश्न (बारावी विज्ञान, विद्यार्थी)

दहावीत दोरीला दगड बांधून फिरवण्याची कृती केली होती, तेव्हा अभिकेंद्री बल, म्हणजे वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूला केंद्राकडे ओढणारे बल, समजले असे वाटले होते. आता वळणावरची गाडी, कोनिकल पेंड्युलम (दोरीला टांगलेला, आडव्या वर्तुळात फिरणारा गोळा) आणि जत्रेतील मौत का कुआँ (लाकडी विहिरीच्या उभ्या भिंतीवर गाडी चालवण्याचा खेळ) यांची उदाहरणे सोडवताना मात्र तो समज टिकत नाही. दोरीच्या दगडाची आकृती काढताना मी दोरीचा ताण, दगडाचे वजन आणि त्याशिवाय केंद्राकडे रोखलेले ‘एमव्ही वर्ग भागिले आर’ (एम वस्तुमान, व्ही चाल, आर त्रिज्या) एवढे अभिकेंद्री बल असे तीन बाण दाखवले. शिक्षकांनी तिसऱ्या बाणावर काट मारली आणि तास संपला. तो बाण चूक का आहे? बल केंद्राकडे असेल, तर दगड केंद्रात येऊन का पडत नाही? आणि घाटात एसटी वळते तेव्हा मी तर बाहेरच्या बाजूला ढकलला जातो. मग आत ओढणारे बल गेले कुठे?

प्रतिसाद १ (निवृत्त शिक्षिका)

तुमच्या शिक्षकांनी मारलेली काट योग्य आहे. ‘अभिकेंद्री’ हे बलाच्या जातीचे नाव नसून ते बल त्या वेळी जे काम करते त्या कामाचे नाव आहे. पालखीला खांदा देणाऱ्या चौघांना आपण भोई म्हणतो, पण चौघांना मोजून झाल्यावर ‘आणि शिवाय एक भोई’ असा पाचवा माणूस मोजत नाही. तुमच्या तिसऱ्या बाणाने नेमका हा पाचवा माणूस मोजला आहे. दगडाला दोरी ओढते आणि पृथ्वी ओढते. तिसरे कोणी तिथे नाहीच. प्रत्येक बाणापाशी ‘हे बल कोणती वस्तू लावते?’ असे स्वतःला विचारायची सवय लावून घ्या. उत्तर देता आले नाही, तर तो बाण खोडावा.

मग ‘एमव्ही वर्ग भागिले आर’ आले कुठून? ते समीकरणाच्या दुसऱ्या बाजूचे आहे. एका बाजूला खऱ्या बलांची केंद्राकडील बेरीज असते आणि दुसऱ्या बाजूला वस्तुमान गुणिले त्वरण. एकसमान वर्तुळाकार गतीत ते त्वरण ‘व्ही वर्ग भागिले आर’ एवढे असते. चाल बदलत नसली तरी वेगाची दिशा क्षणोक्षणी बदलते, आणि दिशेचा बदल हेही त्वरणच असते. माझ्या अनुभवात विद्यार्थी अडखळतात ते इथेच, कारण बोलीभाषेत आपण चाल आणि वेग यांत फरक करत नाही.

हे काम कधी ताण करतो, कधी घर्षण, कधी गुरुत्वाकर्षण. मौत का कुआँमध्ये ते लाकडी भिंत करते: भिंत गाडीला केंद्राकडे रेटते, आणि वजन तोलून धरण्याचे काम टायर आणि फळ्या यांच्यातील घर्षणाकडे असते.

प्रतिसाद २ (शेतकरी कुटुंबातील अभियंता)

दगड केंद्रात का येत नाही, हे मला पुस्तकाआधी गोफणीने शिकवले. ज्वारीच्या कणसांत दाणा भरला की आम्ही माळ्यावर उभे राहून पाखरे हाकत असू. गोफण डोक्याभोवती फिरवून एक टोक सोडायचे, एवढेच काम. पण कधी सोडायचे ते समजायला एक हंगाम जातो. दगड केंद्रापासून सरळ बाहेर फेकला जात असता, तर तो लक्ष्याच्या समोर आल्यावर टोक सोडावे लागले असते. प्रत्यक्षात सुमारे पाव फेरा आधी, म्हणजे गोफण लक्ष्याच्या दिशेशी काटकोनात असताना सोडावे लागते, कारण सुटलेला दगड स्पर्शिकेच्या दिशेने जातो. म्हणजे बाहेर नेणारे बल तिथे नव्हतेच. सरळ जाऊ पाहणाऱ्या दगडाला दोरी प्रत्येक क्षणी आत वळवत होती.

हे वळवणे किरकोळ नसते. १०० ग्रॅमचा दगड १ मीटर त्रिज्येत सेकंदाला २ फेऱ्या घेत असेल, तर त्याची चाल सुमारे १२.६ मीटर प्रति सेकंद आणि त्यासाठी लागणारे बल सुमारे १६ न्यूटन होते. १०० ग्रॅमच्या दगडासाठी हाताला दीड किलोहून अधिक वजन टांगल्यासारखा ताण जाणवतो.

चंद्राचेही तसेच आहे. तो पृथ्वीवर पडत का नाही, असे विचारतात. खरे तर तो सतत पडतच असतो. एका सेकंदात तो आपल्या मार्गावर सुमारे १ किलोमीटर पुढे जातो आणि तेवढ्यात सरळ रेषेपासून पृथ्वीकडे जेमतेम १.४ मिलिमीटर वळतो. चंद्राचे अंतर पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे ६० पट आहे आणि त्याचे त्वरण पृथ्वीच्या पृष्ठभागावरील ९.८ या गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ३,६०० व्या हिश्शाएवढे. ६० चा वर्ग ३,६०० होतो, म्हणजे गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते; हा मेळ न्यूटनने पाहिला होता. ‘अभिकेंद्री’साठीचा मूळ लॅटिन शब्दही त्यानेच घडवला.

प्रतिसाद ३ (महाविद्यालयीन अध्यापक)

एसटीचा प्रश्न अजून उरला आहे. रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने तुम्हाला बाहेर कोणीच ढकलत नाही. तुमचे शरीर सरळ जात राहते, बस तुमच्याखालून वळते, आणि आसनाचे घर्षण अपुरे पडले की खिडकीची बाजू तुम्हाला आत रेटते. तुम्हाला जाणवलेला दाब हा त्या रेट्याचा असतो.

मात्र अपकेंद्री बलाला, म्हणजे बाहेर ढकलते असे वाटणाऱ्या बलाला, खोटे म्हणून हिणवणे मला पटत नाही. बसलाच स्थिर मानून हिशेब केला, तर ते आभासी बल घ्यावेच लागते आणि उत्तर अचूक येते. चूक होते ती दोन्ही दृष्टी एकाच आकृतीत मिसळल्यावर. वॉशिंग मशीनचा ड्रम मिनिटाला १,००० फेरे घेत असेल आणि त्रिज्या २५ सेंटिमीटर असेल, तर त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे २८० पट होते. कपड्याला भिंत आत रेटते. भोकाशी आलेल्या पाण्याला रेटणारे काही नसते, म्हणून ते निसटते.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

मनःपूर्वक आभार. मी एक उदाहरण करून पाहिले: सपाट रस्त्यावर ५० मीटर त्रिज्येचे वळण, घर्षण गुणांक (कमाल घर्षण आणि पृष्ठभागांमधील दाब यांचे गुणोत्तर) ०.५. समीकरणाच्या दोन्ही बाजूंतून वस्तुमान रद्द होते आणि कमाल चाल सुमारे १५.७ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ५६ किलोमीटर येते. पण घर्षण गतीच्या विरुद्ध असते ना? मग ते मागे न जाता केंद्राकडे कसे?

प्रतिसाद १ (निवृत्त शिक्षिका)

गणित बरोबर आहे. घर्षण गतीला नव्हे, घसरण्याला विरोध करते. चाक घरंगळत असल्यामुळे रस्त्याला टेकलेला त्याचा भाग पुढे घसरत नाही. वळणावर तो घसरू पाहतो बाहेरच्या बाजूला, म्हणून हे स्थितिक घर्षण (घसरणे सुरू होण्याआधीचे घर्षण) आत असते.

आणखी एक गोष्ट तपासा. घर्षण गुणांक गुणिले लंब प्रतिक्रिया (रस्ता गाडीला वर रेटतो ते बल) ही कमाल मर्यादा आहे, दर वेळचे मूल्य नव्हे. हेच वळण १०,००० किलोग्रॅमची बस ताशी ३६ किलोमीटरने घेत असेल, तर लागणारे बल २०,००० न्यूटन आहे, आणि मर्यादा ४९,००० न्यूटन असली तरी घर्षण २०,००० न्यूटनच लावते. आता पावसाळी रस्त्यासाठी गुणांक ०.३ धरून कमाल चाल काढा आणि उत्तर इथे लिहा. त्यानंतर उतार दिलेल्या वळणाकडे जाऊ.