फायनल इयरचा प्रोजेक्ट शेतकऱ्यांच्या फेसबुक ग्रुपवर टाकावा का?

ईएनटीसी_नाशिक: आम्ही चौघं मिळून कांदा चाळीसाठी सेन्सर बनवतोय, कांदा सडायला लागला की मोबाईलवर मेसेज येईल असा. मला वाटतं शेतकऱ्यांच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकून त्यांनाच विचारावं, पण गाईड सर म्हणतात कुठेच टाकू नका, पेटंट हातचं जाईल. सध्या लॅबमध्ये एका क्रेटभर कांद्यावर टेस्टिंग चालू आहे आणि मला रोज वाटतं की खऱ्या चाळीत हे टिकणारच नाही. काय करू?

प्राध्यापक_पुणे: सरांची भीती खोटी नाही. आपल्या कायद्यात अर्जाआधी सेन्सरची जोडणी जगजाहीर केली तर नावीन्य जातं आणि पेटंट मिळत नाही, पोस्ट तुमची स्वतःची असली तरी. म्हणून आधी पेटंटचा प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता अर्ज भरा, पूर्ण स्पेसिफिकेशनला, म्हणजे शोधाच्या सविस्तर वर्णनाला, पुढे १२ महिने मिळतात, आणि अर्ज कॉलेजच्या नावाने केला तर २०२१ पासून फीमध्ये ८० टक्के सवलत आहे. पण अडचण विचारायला कोणी अडवलंय? सर्किट दाखवू नका, प्रश्न मात्र आजच विचारा.

चाळवाला_निफाड: सेन्सर कुठं लावणार ते सांगा आधी. कडेला लावला तर काही उपयोग नाही, कडेला वारा लागतो, कांदा सडतो मधे आणि तळाला, आणि वरून बघितलं तर सगळा चांगलाच दिसतो. आम्हाला आधी वास येतो, मग खालून पाणी सुटतं, तोवर उशीर झालेला असतो. आणि वायर उंदीर ठेवणार नाहीत, त्याचं बघा.

गणित_पीएचडी: काका, हे लॅबमध्ये वर्षभर बसून कळलं नसतं! २००९ मध्ये केंब्रिजच्या टिमथी गावर्स यांनी गणिताचा एक अवघड प्रश्न ब्लॉगवर सगळ्यांसमोर मांडला, कमेंटमध्ये लोक भर घालत गेले आणि दोनेक महिन्यांच्या आत तो सुटला. पेपर डी. एच. जे. पॉलिमॅथ या सामाईक नावाने आला. तुम्हीपण कोणी काय सुचवलं ते तारखेसकट लिहून ठेवा आणि रिपोर्टमध्ये त्यांचं नाव घाला, नुसते आभार नकोत.

ईएनटीसी_नाशिक: आम्ही तापमान आणि दमटपणाच मोजत होतो, वासाचं डोक्यातच नव्हतं. गॅस सेन्सर लावून बघतो. प्रोव्हिजनलचं उद्या सरांशी बोलतो, ग्रुपवर आज फक्त प्रश्न टाकतो. काका, रविवारी चाळ बघायला आलो तर चालेल का?

चाळवाला_निफाड: या की. दोन कप्पे अजून भरलेले आहेत. सकाळीच या, ऊन चढलं की पत्र्याखाली थांबवत नाही.